करंट मोजला, पण शून्य कुठे होतं?

बॅटरीवरचा पेपर किंवा एम.एस्सी.चा प्रकल्प-अहवाल हातात आला की मी निष्कर्षाकडे जरा उशिरा जाते. आधी प्रयोगपद्धतीच्या भागात एकच वाक्य शोधते: करंट कशाने मोजला? बरेचदा ते वाक्य नसतंच. असलं तर ‘डिजिटल मल्टीमीटर जोडला’ किंवा ‘करंट सेन्सर मॉड्यूल वापरलं’ एवढ्यावर विषय आटोपलेला असतो. आणि पुढच्याच पानावर कार्यक्षमतेचे आकडे दशांशचिन्हानंतर दोन-दोन स्थळांपर्यंत छापलेले असतात. कुठला मीटर, कुठली रेंज, शून्य तपासलं का, हे माहीत नसताना त्या दोन स्थळांवर विश्वास कसा ठेवायचा?

आजचा लेख कुठल्या एका पेपरवर नाही. गेल्या काही वर्षांत रूढ झालेल्या एका साच्यावर आहे. साचा तुम्हाला ओळखीचा असेल: ‘कमी खर्चात बॅटरी मॉनिटरिंग’. एक आर्डुइनो किंवा ईएसपी३२, एक हॉल सेन्सर, मोबाइलवर पळणारा आलेख, आणि शेवटी ‘ही प्रणाली अचूक व किफायतशीर आहे’ असं वाक्य. यातला किफायतशीर हा भाग मला मान्य आहे. या साच्याने खूप मुलांना सोल्डरिंग शिकवलं, डेटा नोंदवायला शिकवलं, हेही खरं. तक्रार ‘अचूक’ या शब्दाबद्दल आहे. आणि ती फक्त छोट्या प्रकल्पांबद्दल नाही. महागड्या बॅटरी टेस्टरवर काम करणारे आपण लोकही तेच करतो, फक्त यंत्र मोठं असतं.

मीटर निवडायच्या आधी आपल्याला शेवटी काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं. ‘चार्जिंग चालू आहे की नाही’ एवढंच म्हणायचं असेल तर कुठलाही मीटर चालेल, अगदी पेटीवर बसवलेला काट्याचासुद्धा. ‘चार्जिंग आता थांबवावं’ असं म्हणायचं असेल तर मीटरला शेवटी शेवटी उरणारा बारीक करंट दिसला पाहिजे. आणि ‘आत इतका चार्ज गेला, बाहेर इतका आला’ असं म्हणायचं असेल तर गोष्टच वेगळी. तिथे करंटची तासन्‌तास बेरीज होत असते, आणि करंटसोबत मीटरच्या चुकीचीही. तीन दाव्यांना तीन प्रकारचे मीटर लागतात. साच्यातल्या लेखनात पहिल्या दाव्याचा मीटर घेऊन तिसरा दावा केलेला असतो.

उदाहरण म्हणून एक १८६५० सेल घेऊ, २५०० मिलिअँपिअर-तासांचा. लिथियम-आयन सेल आधी स्थिर करंटने चार्ज होतो, समजा १.२५ अँपिअरने. व्होल्टेज ४.२ ला पोचलं की चार्जर ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरत जातो. करंट पुरेसा खाली आला की सेल भरला असं मानतात. हा थांबण्याचा करंट क्षमतेच्या विसाव्या भागाइतका घेतला तर इथे तो १२५ मिलिअँपिअर होतो. बाजारात सर्रास मिळणारी टीपी४०५६ ही चिप ठरवलेल्या करंटच्या दहाव्या भागावर थांबते, म्हणजे एक अँपिअरला बसवली असेल तर १०० मिलिअँपिअरवर.

आता साच्यातला लाडका सेन्सर: एसीएस७१२. तो ५, २० आणि ३० अँपिअर अशा तीन प्रकारांत येतो. प्रत्येक अँपिअरमागे त्याचं आउटपुट अनुक्रमे १८५, १०० आणि ६६ मिलिव्होल्टने बदलतं. आर्डुइनो उनोचा एडीसी १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. भागाकार तुम्हीच करा: ३० अँपिअरच्या प्रकारात एक पायरी ७४ मिलिअँपिअरची होते, २० च्या प्रकारात ४९ ची आणि ५ च्या प्रकारात २६ ची. म्हणजे ३० अँपिअरचा सेन्सर लावून १२५ मिलिअँपिअर पकडायचा म्हणजे दोन पायऱ्यासुद्धा हातात नाहीत. दुकानात जो मिळाला तो आणला, बहुतेक वेळा निवडीचं कारण हेच असतं. ‘जास्त अँपिअरचा घेतला, म्हणजे जळायची भीती नाही’ हे दुसरं कारण. दोन्ही कारणं समजू शकते, पण मग थांबण्याच्या करंटबद्दल बोलू नये.

यावर हुशार विद्यार्थ्याचं उत्तर तयार असतं: आम्ही शंभर नमुन्यांची सरासरी घेतो. बरोबर आहे. सेन्सरच्या आउटपुटमध्ये गोंगाट असतोच, आणि गोंगाट असला की सरासरीने पायरीपेक्षा बारीक वाचन मिळतं. पण सरासरी फक्त गोंगाट कमी करते. शून्यच सरकलेलं असेल तर सरासरीही तेवढीच सरकलेली येते, फक्त अधिक नीटनेटकी दिसते.

आणि या सेन्सरचं शून्य सरकतंच. करंट नसताना त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या निम्मं असतं. पाच व्होल्ट पुरवठ्याला अडीच. साच्यातल्या कोडमध्ये हा अडीचचा आकडा थेट लिहून टाकलेला असतो. आर्डुइनो स्वतः त्याच पाच व्होल्टवर चालत असेल आणि एडीसीचा संदर्भही तोच असेल तर नशीब, कारण दोघं एकत्र वरखाली होतात आणि चूक बरीचशी कटते. पण सेन्सर यूएसबीच्या पाच व्होल्टवर आणि वाचणारा ईएसपी३२ स्वतःच्या अंतर्गत संदर्भावर, अशी जोडी असेल तर काहीच कटत नाही. यूएसबीचं व्होल्टेज ५ वरून ४.७५ वर आलं की शून्य ०.१२५ व्होल्टने खाली येतं. ३० अँपिअरच्या प्रकारात याचा अर्थ जवळपास १.९ अँपिअरची चूक. आपला सेल चार्ज होतोय १.२५ अँपिअरने! म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर बॅटरी डिस्चार्ज होताना दिसेल. एवढी मोठी चूक लक्षात येते आणि मग कुणीतरी कोडमध्ये ‘सुधारणा’ म्हणून एक आकडा वजा करतं. तो आकडा अहवालात येत नाही. धोका या दुरुस्त केलेल्या चुकीचा असतो, कारण ती आता थोडीच उरलेली असते आणि नजरेला खटकत नाही.

मीटर बाहेर उभा राहून बघत नाही

अकरावी-बारावीत आपण शिकतो की अॅमीटर सिरीजमध्ये जोडायचा आणि आदर्श अॅमीटरचा रोध शून्य. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि हे वाक्य डोक्यात कायमचं बसतं. प्रत्यक्षात मीटर सर्किटचा भाग होतो. चांगल्या हँडहेल्ड मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या रेंजमध्ये एका अँपिअरमागे साधारण ३० मिलिव्होल्ट पडतात. फ्लूक ८७-व्हीच्या माहितीपत्रकात हाच आकडा दिलेला आहे. त्यात प्रोबच्या तारा, मगरचिमटे, सेल-होल्डरच्या स्प्रिंगा मिळवा. सगळं मिळून ०.१ ओहम धरू, ही काही अतिशयोक्ती नाही. आयएनए२१९ च्या नेहमीच्या मॉड्यूलवर तर ०.१ ओहमचा शंट मुद्दामच बसवलेला असतो.

१.२५ अँपिअरला या ०.१ ओहमवर १२५ मिलिव्होल्ट पडतात. चार्जरला वाटतं ४.२ व्होल्ट झाले, सेलवर मात्र ४.०७५ च असतात. चार्जर आपला स्थिर-करंटचा टप्पा लवकर संपवतो. पुढे करंट उतरत जातो तशी मधली घट कमी होते आणि १२५ मिलिअँपिअरला ती फक्त १२.५ मिलिव्होल्ट उरते. म्हणून शेवटी सेल जवळजवळ पूर्ण भरतो. भरलेली क्षमता फारशी बदलत नाही, पण लागलेला वेळ बदलतो. आता जो अहवाल ‘आमच्या पद्धतीने चार्जिंग लवकर होतं’ म्हणतो, त्यात दोन्ही पद्धतींना एकच मीटर, त्याच तारा, तीच रेंज होती का? हे लिहिलेलं नसेल तर वेळेतला फरक पद्धतीचा की मगरचिमट्यांचा, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. सेलचं व्होल्टेज सेलच्या टोकांवर वेगळ्या तारांनी मोजायचं, चार्जरच्या टर्मिनलवर नाही. यासाठी जास्तीचा खर्च फक्त दोन तारांचा.

रेंज बदलण्याची सवय तर याहून वाईट. शेवटचा बारीक करंट नीट दिसावा म्हणून चालू चार्जिंगमध्ये प्रोब १० अँपिअरच्या जॅकमधून काढून मिलिअँपिअरच्या जॅकमध्ये घालतात. एक तर सर्किट क्षणभर तुटतं आणि काही चार्जर नव्याने सुरुवात करतात. दुसरं म्हणजे मिलिअँपिअरच्या रेंजचा रोध कितीतरी जास्त. त्याच फ्लूकमध्ये तो साधारण १.८ ओहम आहे, म्हणजे ३०० मिलिअँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त घट. करंट लगेच खाली येतो आणि आलेखात एक सुंदर पायरी दिसते. ती बॅटरीची नाही, तुमच्या हाताची आहे.

स्वस्त पिवळ्या मल्टीमीटरबद्दल एकच गोष्ट सांगते, ती सुरक्षिततेची आहे. अनेक मॉडेलांवर १० अँपिअरच्या जॅकशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: फ्यूज नाही, एका वेळी जास्तीत जास्त १० सेकंद, मग १५ मिनिटं थांबा. चार्जिंग तीन तास चालतं. शिवाय प्रोब त्याच जॅकमध्ये विसरून कुणी व्होल्टेज मोजायला म्हणून तो बॅटरीच्या दोन टोकांना लावला, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देऊ शकते. तारा वितळायला वेळ लागत नाही.

शंटबद्दलही थोडं. पैसे वाचवायला तांब्याच्या तारेचा किंवा बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीचा शंट करतात. तांब्याचा रोध एका अंश सेल्सिअसमागे साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. विदर्भातल्या बिनएसीच्या लॅबमध्ये डिसेंबरच्या सकाळी १५ अंश आणि मे महिन्यात ४२ अंश असतील, तर त्याच तारेचा रोध दहा टक्क्यांहून जास्त बदलला. बॅटरीची क्षमता ऋतूप्रमाणे कशी बदलते यावर तुमचा प्रकल्प असेल तर तुम्ही बॅटरी अभ्यासताय की तांबं? मँगनिन हा मिश्रधातू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड वेस्टनने नेमका याच कारणासाठी आणला. त्याचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही. आपल्याकडे पॅनेलमध्ये मिळणारे ७५ मिलिव्होल्टचे शंट अशाच मिश्रधातूचे असतात. ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट म्हणजे दीड मिलिओहम. एवढ्या छोट्या रोधाशी गाठ असते तेव्हा ढिल्या स्क्रूचा रोधही त्याच्या बरोबरीचा असू शकतो. म्हणून शंटला चार स्क्रू असतात: जाड बाहेरचे करंटसाठी, बारीक आतले मोजण्यासाठी. मोजणीच्या तारा बाहेरच्या स्क्रूवर अडकवलेला शंट मी एकाहून जास्त लॅबमध्ये पाहिलाय.

खरी गडबड: जो करंट नाहीच, त्याची बेरीज

आता तिसऱ्या दाव्याकडे येऊ. कूलंबिक कार्यक्षमता म्हणजे डिस्चार्जमध्ये बाहेर आलेला चार्ज भागिले चार्जमध्ये आत गेलेला चार्ज. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये ही ९९ टक्क्यांच्या बरीच वर असते. महत्त्व असतं ते १०० ला उरलेल्या फरकाला. ढोबळ हिशेब बघा: दर फेरीला ०.९९९ उरत असेल तर ५०० फेऱ्यांनंतर सुमारे ६१ टक्के उरतात, ०.९९९९ असेल तर ९५ टक्के. (खऱ्या सेलमध्ये क्षमतेची घट इतकी सरळ या आकड्यातून निघत नाही, पण फरक कुठल्या दशांशात दडलाय ते कळतं.) म्हणजे सगळी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या दशांशात घडते.

इथे मीटरची चूक दोन प्रकारची असते आणि दोन्ही सारख्या वागत नाहीत. हा फरक मला कुठल्याही एम.एस्सी.च्या वर्गात नीट शिकवलेला दिसला नाही. पहिली चूक गुणाकाराची: मीटर प्रत्येक वाचन दोन टक्के जास्त दाखवतो. चार्जिंगला दोन टक्के जास्त, डिस्चार्जिंगलाही दोन टक्के जास्त, भागाकारात दोन्ही कटले. म्हणजे बऱ्यापैकी चुकीचा मीटरही बरोबर कार्यक्षमता देऊ शकतो. अट अशी की दोन्हीकडे तोच मीटर आणि तीच रेंज हवी. चार्जिंगला एक आणि डिस्चार्जिंगला दुसरा वापरलात तर हा फायदा गेला.

दुसरी चूक बेरजेची. करंट शून्य असताना मीटर ५ मिलिअँपिअर दाखवतो. चार्जिंगला अधिक आणि डिस्चार्जिंगला उणे चिन्ह धरलं, तर हे ५ मिलिअँपिअर चार्जिंगमध्ये मिळवले जातात आणि डिस्चार्जिंगमधून वजा होतात. कटत नाहीत, दुप्पट होतात.

आपला सेल अगदी आदर्श आहे असं समजू, जेवढं घालाल तेवढं परत देणारा. ०.५ अँपिअरने पाच तास चार्ज, पाच तास डिस्चार्ज. मीटर चार्जिंगला २५२५ मिलिअँपिअर-तास मोजेल आणि डिस्चार्जिंगला २४७५. कार्यक्षमता ९८.० टक्के. आता तोच सेल, तोच मीटर, पण करंट २.५ अँपिअर: २५०५ आणि २४९५, म्हणजे ९९.६ टक्के. आणि करंट ०.१ अँपिअर ठेवला, पंचवीस तासांची फेरी, तर २६२५ आणि २३७५. ९०.५ टक्के.

हे तीन आकडे आलेखावर मांडा. हळू चार्ज केल्यास कार्यक्षमता कमी, वेगाने केल्यास जास्त. चर्चेच्या भागात याचं स्पष्टीकरणही लगेच सुचतं: हळू चार्जिंगमध्ये सेल जास्त वेळ उच्च व्होल्टेजवर राहतो, इलेक्ट्रोलाइटच्या नको असलेल्या अभिक्रियांना जास्त वेळ मिळतो, म्हणून चार्ज वाया जातो. वाक्य ऐकायला छान आहे. शिवाय शास्त्रदृष्ट्या चूक नाही! खऱ्या सेलमध्ये हे असंच घडतं. नको असलेल्या अभिक्रियांचं नुकसान फेऱ्यांच्या संख्येपेक्षा गेलेल्या वेळेशी जास्त जोडलेलं असतं. अडचण एवढीच की सरकलेल्या शून्याचं नुकसानही वेळेच्याच प्रमाणात वाढतं. गणितात दोन्ही सारखेच दिसतात: एक छोटा, सतत वाहणारा करंट. एक सेलच्या आत, दुसरा फक्त मीटरच्या डोक्यात. नुसता आलेख बघून दोघांना वेगळं काढता येत नाही. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातलं बरोबर स्पष्टीकरण दिलं, गाइडने मान डोलावली, रिव्ह्यूअरला अपेक्षित प्रवृत्ती दिसली. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि छापून आला एका सेन्सरचा ऑफसेट.

ऑफसेट उलट दिशेचा असला तर कार्यक्षमता १०० च्या वर जाते. मग सगळे जागे होतात, मीटर तपासतात. म्हणजे चूक आपल्या अपेक्षेविरुद्ध गेली तरच पकडली जाते. माझा खरा आक्षेप या एकतर्फीपणावर आहे.

हे नीट कसं करतात याचं उदाहरण उपलब्ध आहे. कॅनडातल्या डलहौजी विद्यापीठातल्या जेफ डान यांच्या गटाने २०१० च्या सुमारास अतिअचूक चार्जर बांधला आणि कार्यक्षमता ०.०१ टक्क्याच्या पातळीवर मोजायला घेतली. हेतू असा की बॅटरी किती टिकेल हे वर्षानुवर्षं न थांबता काही आठवड्यांत सांगता यावं. त्यांचे पेपर मी नव्या मुलांना मुद्दाम वाचायला देते. निष्कर्षांसाठी नाही, उपकरणांच्या वर्णनासाठी. करंटचा स्रोत किती स्थिर, तापमान किती अंशात बांधलेलं, व्होल्टेजची मर्यादा ओलांडल्याचा क्षण किती बारीक पकडला, याची चर्चा तिथे मुख्य मजकुरात आहे. आपल्याकडे ती पुरवणीतही सापडत नाही.

‘आम्ही हॉल सेन्सर नाही वापरत, लॅबमध्ये बॅटरी टेस्टर आहे’ असं म्हणून मटेरियल सायन्सवाल्यांनी निवांत होऊ नये. टेस्टरच्या माहितीपत्रकात अचूकता बरेचदा पूर्ण रेंजच्या टक्क्यांत दिलेली असते, वाचनाच्या नाही. समजा चॅनेल ५ मिलिअँपिअरचा आहे आणि अचूकता पूर्ण रेंजच्या ०.०५ टक्के. ऐकायला भारी वाटतं. म्हणजे २.५ मायक्रोअँपिअर. तुमच्या कॉइन सेलची क्षमता १ मिलिअँपिअर-तास आहे आणि तुम्ही दहा तासांच्या दराने, १०० मायक्रोअँपिअरने चार्ज करताय. ०.०५ टक्के बघता बघता २.५ टक्के झाले, आणि ते ऑफसेटच्या रूपात असतील तर कार्यक्षमतेत पाच. ही कमाल मर्यादा आहे, तुमच्या चॅनेलची खरी चूक कितीतरी कमी असेल. पण किती कमी, ते तुम्ही मोजलं नसेल तर ९९.७२ मधला ७२ कुणाच्या भरवशावर लिहिला?

मोबाइल चार्जिंगवरच्या प्रकल्पांत वेगळाच घोटाळा असतो. यूएसबी केबलमध्ये बसवायचा छोटा मीटर लावून त्याचा करंट म्हणजेच बॅटरीचा करंट मानतात. फोनच्या आत व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर असतो. केबलमधून ९ व्होल्टला २ अँपिअर येत असतील तर बॅटरीत त्याच्या जवळपास दुप्पट करंट जात असतो. तो मीटर केबलबद्दल खरं बोलतो, आपण प्रश्न बॅटरीचा विचारतो.

इन्व्हर्टरच्या आणि ई-रिक्षाच्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांवर क्लॅम्प मीटर वापरतात. तार न तोडता मोजता येतं, त्यामुळे तो सोयीचा आहेच. फक्त साधा क्लॅम्प ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो, त्याला डीसी करंट दिसतच नाही. डीसीसाठी हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो, दर वेळी रिकामा धरून शून्याचं बटण दाबावं लागतं, आणि जबड्यात एकच तार घ्यायची असते. जाणारी-येणारी दोन्ही घेतल्या तर उत्तर शून्य. ०.१ अँपिअरच्या पायरीचा क्लॅम्प पूर्ण भरलेल्या बॅटरीचा फ्लोट करंट दाखवू शकत नाही. एक जुनी युक्ती मात्र कामाची आहे: तारेचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि वाचनाला दहाने भागा.

या चार्जरांचा करंट सरळ रेषेतला नसतो. ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरवाल्या चार्जरमध्ये तो सेकंदाला १०० ठोक्यांनी येतो, कारण वीज ५० हर्ट्झची. समजा प्रत्येक ठोका १० अँपिअरचा आणि ४० टक्के वेळच टिकणारा. सरासरी ४ अँपिअर, आरएमएस ६.३. बॅटरीत चार्ज भरतो तो सरासरीने. तारा तापतात आरएमएसने. एसी धरून आरएमएस मोजणारा मीटर लावून त्यातून अँपिअर-तास काढले तर दीडपटीहून जास्त येतात. आणि सेकंदाला एकच नमुना घेणारा लॉगर असेल तर प्रत्येक नमुना ठोक्याच्या साधारण त्याच जागी पडतो. ग्रिडची वारंवारता बरोबर ५० वर कधीच नसते. ती ५०.०१ झाली तरी आलेखात ५० सेकंदांची संथ लाट दिसू लागते. अशा लाटेला ‘आयनांच्या विसरणाचा परिणाम’ म्हटलेलं मी एका सादरीकरणात ऐकलंय. सेन्सरपुढे साधा आरसी फिल्टर लावला, किंवा शंभर मिलिसेकंदांत भरपूर नमुने घेऊन सरासरी काढली, की लाट नाहीशी होते.

मग घ्यायचं काय? एका सेलच्या कामाला मी हॉल सेन्सरपेक्षा शंटवाला मार्ग निवडेन. आयएनए२१९ ची पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे ०.१ ओहमवर ०.१ मिलिअँपिअर. त्याच्या साध्या प्रतीचा ऑफसेट जास्तीत जास्त १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १ मिलिअँपिअर. तो तसाच सोडला तर वरच्या ०.५ अँपिअरच्या हिशेबात ९९.६ टक्के येतात. मोजून वजा केला तर बरंच पुढे जाता येतं. आयएनए२२६ याहून चांगला. मोठ्या बॅटरीला मँगनिनचा शंट आणि बऱ्यापैकी मिलिव्होल्टमीटर. हॉल सेन्सर मी मोठ्या करंटसाठी, आणि जिथे मोजणीचं सर्किट बॅटरीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवायचंय तिथे वापरेन. प्रबंधात मीटरचं नाव, रेंज, प्रयोगाच्या आधीचं आणि नंतरचं शून्य, नमुन्यांचा दर आणि व्होल्टेज कुठे मोजलं, एवढं चार ओळींत बसतं. व्हायवाला बाहेरचे परीक्षक यातलंच काहीतरी विचारतात, हा वेगळा फायदा.

शून्य आणि सेल यांना वेगळं काढायला एक प्रयोग पुरतो. सेल काढून सर्किट उघडं ठेवा आणि रात्रभर मीटरचं वाचन नोंदवा. शून्य किती आहे आणि पहाटेच्या गारव्यात किती सरकतं, दोन्ही कळेल. मग सेल लावून एक पूर्ण फेरी करा. त्यानंतर फक्त सेन्सरच्या दोन तारा उलट करून तीच फेरी पुन्हा करा. सेलमधलं खरं नुकसान दोन्ही वेळा सारखंच येईल, ऑफसेटचं नुकसान मात्र चिन्ह बदलेल. वरच्या आदर्श सेलला एकदा ९८ आणि एकदा १०२ टक्के मिळाले असते. दोन्हींची सरासरी सेलची, अर्धा फरक मीटरचा. क्लॅम्प असेल तर तारा सोडायचीही गरज नाही, तो नुसता उलटा लावायचा. कोडमधलं चिन्ह तेवढं बदला, नाहीतर चार्जिंगची फेरी डिस्चार्जिंगच्या रकान्यात जाऊन बसेल.